उंबऱ्यावरून तीन दिवस

कुरेने. नव्या सम्राटाचं तिसरं वर्ष, वसंताचा दुसरा महिना, चंद्राचा सहावा दिवस.

करनेदासकडून धाकटी बहीण मेगो हिला आशीर्वाद.

पत्राला तीन वर्षं उशीर झाला. रागावली असशीलच, पण हे वाचून होईपर्यंत राग जरा बाजूला ठेव. आधी बंदराचा रस्ता उखडलेला होता. रस्ता झाला तेव्हा कागद मिळेना. कागद मिळाला तेव्हा काय लिहावं ते सुचेना. तू म्हणशील, क्रेत आणि कुरेने मिळून एकच प्रांत, सुभेदारही एकच. तो समुद्र ओलांडून जा-ये करतो, मग दादाच्या पत्रालाच काय झालं? खरं आहे. माझंच चुकलं.

मी जिवंत आहे. गुडघे दुखतात, डाव्या डोळ्याने धूसर दिसतं, शेळी आटली आहे. आपल्या घराचं छप्पर शाबूत आहे. तू यहुद्यांच्या बंडाच्या पहिल्या उन्हाळ्यात गोर्तीनला गेलीस ते बरं केलंस. त्यांनी आमची देवळं पाडली आणि नंतर आमच्या लोकांनी त्यांचं जे केलं ते कागदावर मावणार नाही. आता सगळीकडे छिन्न्यांचा आवाज आहे. अपोलोच्या देवळाचे खांब पुन्हा उभे राहताहेत. नवे लोक आले आहेत, पलटणीतून सुटलेले शिपाई. त्यांना जमिनी दिल्या, बैल दिले. ते लॅटिनमध्ये बैलांना शिव्या देतात आणि बैलांना ग्रीकच कळतं.

माझा दप्तरखाना जळाला हे तुला कळलं असेल. बत्तीस वर्षं त्याच्या दाराशी बसलो. कागदाच्या गुंडाळ्या आणता-नेता त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या वाचून जेवढी अक्षरं आली तेवढंच माझं शिक्षण. थेरा बेटाहून आपले पूर्वज आले त्या वेळच्या यादीची नक्कल तिथे होती. शेवटच्या राजाने राज्य रोमला लिहून दिलं त्या मृत्युपत्राची नक्कलही होती. सगळं राख झालं. गुंडाळ्यांवरचे मातीचे शिक्के मात्र भाजून विटेसारखे पक्के झालेत. टोपल्याच्या टोपल्या भरून शिक्के आहेत, पण कुठला शिक्का कशावर होता हे कुणालाच माहीत नाही. म्हणून नगरसभेने मला बोलावलं. कोणत्या घरात कोण राहत होतं, कोण मेलं, कोण गेलं, ते मी सांगायचं आणि कारकुनाने लिहायचं. आता माझं तोंड हेच दप्तर. त्यामुळे मला झोप नाही. एक नाव चुकलं तर कुणाचं तरी घर जाईल.

यादी हिवाळ्याआधी दगडावर कोरली जाईल. बेवारस घरं शिपायांना मिळतील. पळून गेलेला माणूस त्याआधी परत आला आणि याने जाळपोळ केली नाही अशी शेजाऱ्याने हमी दिली, तर त्याचं घर त्याला.

आता खरी गोष्ट. आपल्या घराला बाधा झाली आहे. भर दुपारी दार वाजतं. तीनदा, सावकाश. उघडावं तर कुणी नसतं. पीठ दळलं की त्यात खर येते, दाताखाली दगडाची कचकच. काय करू? आपण लहान असताना बाबांनी एकदा अशी बाधा उतरवली होती, विधी तुला आठवतो का? देवळातल्या भिंतीवर नियम कोरलेला होता, ती भिंतच पडली आहे. कोण आलं आहे ते मला ठाऊक नाही. लवकर कळव.



गोर्तीन, क्रेत. उन्हाळ्याचा पहिला महिना, चंद्राचा तिसरा दिवस.

मेगोकडून दादाला नमस्कार.

तीन वर्षं मी तुझं श्राद्ध घालावं की नको याचा विचार करत होते. जावई म्हणाले, "थांबा सासूबाई, तुमचे भाऊ मरायलाही उशीर करतील." मी सांगते आणि ते लिहितात; हे वाक्य लिहिताना ते हसले.

शेळीला मोहरीची पेंड दे. गुडघ्याला गरम वाळू.

विधी मला चांगला आठवतो. बाबांच्या वेळी बाहुल्यांपुढचा पदार्थ तू खाल्ला होतास आणि मार मला बसला होता. घरी आलेला कोण ते ठाऊक असेल, तर घरधन्याने उंबऱ्यावर उभं राहून तीन दिवस त्याला नावाने हाक मारायची. नाव ठाऊक नसेल, तर 'बाई असशील वा बुवा असशील, ये' असं म्हणायचं, मातीचा एक पुरुष आणि एक बाई करायची, त्यांना पाहुण्यासारखं घरात बसवायचं, जे जे शिजेल त्याचा वाटा त्यांच्यापुढे ठेवायचा. मग दोघांना कधीही न नांगरलेल्या रानात पोचवून यायचं.

तुला नाव ठाऊक नाही असं तू लिहितोस. मग बाहुल्या कर.

पण दादा, एक विचारते. शेजारच्या घराबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. पलीकडच्या गल्लीतल्या मांजरीचंसुद्धा लिहिणारा तू. त्या घराला छप्पर आहे का? आणि पिठात खर येते म्हणतोस, तर दळतोस कशावर? आपल्याकडे जात्याचा खालचाच दगड होता. वरचा कुणाकडून आणलास?

सावकाश सांग, पण सांग.



कुरेने. उन्हाळ्याचा तिसरा महिना, चंद्राचा दहावा दिवस.

करनेदासकडून मेगोस आशीर्वाद.

पेंड दिली. शेळीने ती खाल्ली आणि पुन्हा माझ्याकडे तशीच पाहते.

बाहुल्या केल्या. झऱ्याकाठची माती आणली. पुरुष बरा झाला. बाई जरा वाकडी बसते. कोनाड्यात बसवल्या, जवाची भाकरी, ऑलिव्ह, चीज, मसूर, जे खाल्लं त्याचा वाटा ठेवला. चौथ्या दिवशी उंदराने पुरुषाचा पाय कुरतडला. दुसरा पाय लावला, तो लांब झाला.

मग त्यांना टोपलीत घालून रानाकडे निघालो. मेगो, रान उरलेलं नाही. आपण मध काढायला जायचो तो उतार आठवतो? सगळा नांगरला आहे. एका कड्यावर ज्युनिपरची चार झाडं उभी दिसली म्हणून तिथे टोपली ठेवली, तर मागून एक शिपाई आला. वालेन्स नाव त्याचं, डॅन्यूब नदीकाठचा, दोन बोटं नाहीत.

"आजोबा, काय पेरताय?" म्हणाला.

"काही नाही. पाहुणे आहेत."

त्याने टोपलीत वाकून पाहिलं. "पाहुण्याचा पाय लांब आहे. हा तुकडा मी परवा नांगरणार आहे. पाहुण्यांना नांगर लागला तर मला दोष देऊ नका."

परत घेऊन आलो. दोघं पुन्हा कोनाड्यात. दुपारी दार वाजलं.

काल देवळातल्या पुजाऱ्याकडे गेलो. त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "करनेदास, बाहुल्या नाव ठाऊक नसणाऱ्यासाठी. ठाऊक असून केल्यास ती देवाची फसवणूक."

तू दोन प्रश्न विचारलेस. दोन्हींचं उत्तर एकच आहे, म्हणून मी टाळत होतो.

नाव मारियोन.

आपल्या बाबांनी आणि तिच्या सासऱ्यांनी मिळून ते एक जातं आणलं होतं. खालचा दगड आपल्या अंगणात, वरचा त्यांच्याकडे, म्हणजे कुणी एकट्याने दळू नये आणि भांडण झालं तरी दुसऱ्या दिवशी बोलावंच लागावं. तू गेल्यावरही ती रोज दुपारी दगड कमरेवर घेऊन यायची, तीनदा दार वाजवायची आणि म्हणायची, "करनेदास, दगड आलाय." सातव्या दिवशी त्यांच्या धर्मात दळण बंद, म्हणून आदल्या दिवशीच दगड माझ्याकडे ठेवून जायची. नवरा गेल्यावरही हे चुकलं नाही.

बंडाच्या दुसऱ्या वर्षी, बंड मोडल्यावर, आपले लोक गल्लीत शिरले. भर दुपार होती. यहुद्यांची घरं शोधत होते. मी अडसर लावून दाराला पाठ टेकून बसलो होतो. दार वाजलं. तीनदा, सावकाश. "करनेदास, दगड आलाय." रोजच्याच आवाजात, म्हणजे गल्लीतल्या कुणाला संशय येऊ नये.

मी उठलो नाही.

थोड्या वेळाने काहीतरी जड खाली ठेवल्याचा आवाज आला. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा उंबऱ्यावर दगड होता. ती नव्हती. त्याच दगडावर मी तेव्हापासून दळतो.

हे कुणाला सांगितलेलं नाही. पुजारी म्हणतो, अपोलोच्या सणाच्या आधी तीन दिवस हाक मार. तुझ्या उत्तराची वाट पाहायला वेळ नाही. हाक मारणार आहे.



कुरेने. सणानंतरचा पाचवा दिवस.

करनेदासकडून मेगोस आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही. वारा उलटा आहे म्हणतात. तरी लिहितो, कारण मन हलकं आहे आणि पुन्हा कधी असेल सांगता येत नाही.

हाक मारली. पहिल्या दिवशी हळूच. गल्लीत पाणी नेणाऱ्या बायका थांबल्या. दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली दाराबाहेर आली. मी उंबऱ्यावर उभा राहून, रस्त्याकडे तोंड करून म्हणालो, "मारियोन, तू आलीस, मला कळलं. ये, वाटा घे, आणि शांत हो." तिसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्याला यहुदीण आठवते." दुसरं कुणी म्हणालं, "गप बस, माझ्या पोराला ती पोळी द्यायची."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नगरसभेचा कारकून आला. पाटी काखेत.

"आजोबा, यादीत हे शेजारचं घर राहिलं होतं. तुम्हीच दर वेळी 'नंतर सांगतो' म्हणत होतात. म्हणजे बाई गेलीच ना?"

मी म्हणालो, "हाक मेलेल्यालाच मारतात."

"तुमच्या डोळ्यांसमोर?"

"नाही. पण गेली असणार. त्या दिवशी त्या गल्लीतून कोण वाचलं?"

त्याने लिहिलं. त्याच आठवड्यात घर वालेन्सला मिळालं, तोच तो दोन बोटं नसलेला. बायको आहे, कामसू वाटते, अंगणात घेवडा लावला. मला वाईट वाटलं, पण रिकामं घर पडतंच.

आणि मेगो, दार वाजायचं थांबलं. पाच दुपारी झाल्या. मी जेवून चक्क झोपतो. इतक्या वर्षांनी ती शांत झाली असेल तर माझ्या मरणाआधी एक काम झालं म्हणायचं. शेळीनेही काल वाटीभर दूध दिलं.



गोर्तीन. शरद ऋतूचा पहिला महिना, चंद्राचा चौदावा दिवस.

मेगोकडून दादाला.

तुझी दोन्ही पत्रं एकाच जहाजाने आली. जावयांनी ती एकामागून एक वाचली. ऐकायला मी होते आणि मारियोन होती.

खाली बस, दादा, मग पुढे वाच.

ती माझ्याकडे आहे. अडीच वर्षं. त्या दिवशी तुझ्या दारातून ती खालच्या थडग्यांच्या उतारावर गेली, एका जुन्या थडग्यात नऊ दिवस राहिली, मग बंदरावर एका मीठवाल्याच्या नावेत. कुरेनेबाहेर तिला माझंच घर ठाऊक होतं. इथे तिच्या लोकांची वस्ती आहे, पण ती माझ्याच घरी राहिली. भाकरी भाजते. माझ्या सुनेला तिने कामाला लावलं आहे, जे मला जमलं नव्हतं.

मी तुला कळवलं नाही. तिने सांगितलं होतं, "नाव लिहू नकोस, कागद कुणाच्याही हाती लागतो." ते एक कारण. दुसरं माझं. दाराची गोष्ट तिने मला सांगितली होती आणि ती मला तुझ्या तोंडून ऐकायची होती. म्हणून मी जात्याचं विचारलं आणि वाट पाहत बसले. मी त्याच पत्रात चार शब्द लिहिले असते तर तू उंबऱ्यावर उभा राहिला नसतास आणि तिचं घर गेलं नसतं. यात तुझ्याइतकीच मी आहे. हे जावयांना दोनदा लिहायला सांगितलं, ते म्हणाले एकदा पुरे.

ती काय म्हणाली ते तुला हवं असेल. पहिलं पत्र संपेपर्यंत ती कणीक मळत होती. दुसऱ्या पत्रात हाकेचं आलं तेव्हा थांबली. हात धुतले.

"मोठ्याने मारली का हाक?" मला विचारलं.

"उंबऱ्यावरून, सगळ्या गल्लीसमोर."

"म्हणजे आवाज अजून बरा आहे त्याचा."

मी म्हटलं, रागाव की. ती म्हणाली, "राग दगडाबरोबर तिथेच ठेवून आले होते. वजन होतं. दोन्ही घेऊन पळता आलं नसतं." आणि थोड्या वेळाने, "पिठात खर येते कारण तो दगडाला टाकी लावत नाहीये. दर दोन महिन्यांनी छिन्नीने ठोकून खरबरीत करून घ्यावा लागतो. त्याला कधी माहीतच नव्हतं, मी लावून आणायचे."

तिला घरी यायचं आहे. तसं ती बोलली नाही, पण संध्याकाळी तिने विचारलं, घेवडा पूर्वेच्या भिंतीला लावलाय की विहिरीकडे.

आता तू काय करणार?



कुरेने. शरद ऋतूचा पहिला महिना, चंद्राचा अठ्ठाविसावा दिवस.

करनेदासकडून बहीण मेगोस, आणि तुझ्या घरी आहे तिला.

पत्र शेजारच्या शिक्षकाकडून वाचून घेतलं, कारण एका जागी अक्षरं हलायला लागली. दोनदा वाचून घेतलं. मग दिवसभर अंगणात बसलो. ती जिवंत, तर दुपारी दार कोण वाजवत होतं? नियमात याचं काही नाही. पुजाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "तुला ठाऊक आहे," आणि दिव्याची वात सारायला गेला.

दुसऱ्या दिवशी नगरसभेत गेलो. एकटाच, काठी घेऊन. सगळे बसले होते. मी म्हणालो, मी जिवंत बाईला मेलेली सांगितलं. ते हसले. कारकून म्हणाला, "आजोबा, परवा मेली, आज उठली? उद्या आम्ही तुमच्या कुठल्या साक्षीवर विश्वास ठेवायचा?" बरोबर विचारलं त्याने. माझ्या तोंडावर चारशे घरं उभी आहेत. मी म्हणालो, "बाकीच्या सगळ्या साक्षी मी पाहिलेल्या गोष्टींच्या आहेत. ही एकच न पाहिलेली. न पाहिलेली का, ते सांगतो." आणि दाराचं सांगितलं. अडसर, पाठ, दगड, सगळं. ज्यांच्यापुढे सांगितलं त्यांतले दोघं-तिघं त्या दिवशी गल्लीत होते. कुणी हसलं नाही मग. एकाने पाणी मागितलं.

सभाप्रमुख शेवटी म्हणाला, "बाई स्वतः येऊन उभी राहिली पाहिजे, यादी कोरून होण्याआधी. हमी तुझी. ती खोटी ठरली तर तुझंही घर जाईल." मी अंगठीचा शिक्का उमटवला.

पाथरवट रोज दोन-तीनच नावं कोरतो. आपली गल्ली शेवटची आहे. त्याला मध नेऊन दिला आणि म्हणालो, सावकाश कर, बाबा. तो म्हणाला, "मध खाल्ला की हात जलद चालतो." पण हसला. केशर वेचून होईपर्यंत पुरवेल असं वाटतं. त्यानंतर जहाजंही बंद.

वालेन्सला सांगितलं. मला वाटलं भांडेल. तो म्हणाला, "तीन वर्षं ज्याच्या त्याच्या घरात झोपलो, आजोबा. बाई आली तर मी उठतो, मला दुसरं मिळेल. नाही आली तर उठणार नाही, हेही सांगून ठेवतो." सरळ माणूस आहे. घेवडा पूर्वेच्या भिंतीला लावला आहे. विहिरीकडे नाही.

बाहुल्या मोडल्या. तिच्या घरी मूर्ती चालत नाहीत, आणि माझ्याच कोनाड्यात असल्या तरी ती रोज पाहील. माती भिजवून उंबऱ्याला लावली. उजवीकडचा खळगा बुजला, तिथे दगड टेकवायला आता सपाट जागा आहे.

काल दुपारी पुन्हा दार वाजलं. तीनदा नाही, धडाधड. मी उठलो. गुडघ्यांनी वेळ घेतला, पण उठलो आणि उघडलं. वालेन्सची बायको होती, जात्याचा दगड मागायला आली होती. मी म्हणालो, "दळून नेशील तेवढं ने, पण दगड इथून हलणार नाही. तो ज्यांचा आहे त्या येताहेत." ती म्हणाली, "कधी?" मला सांगता आलं नाही.

म्हणून हे पत्र लिहितो. आज निघणाऱ्या जहाजाच्या तांडेलाकडे देतो आहे. दगड टाकी लावून आणला. दाराचा अडसर काढून शेळीच्या गोठ्याला लावला आहे, आता तो परत आणायचा नाही. तिचं घर मिळेपर्यंत पाठची खोली तिची. ती येणार असेल तर कुठल्या जहाजाने ते कळव, मी बंदरावर येऊन उभा राहीन, रस्ता उताराचा आहे, जमेल. येणार नसेल तर तेही कळव, आणि ती काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत कळव, सौम्य करू नकोस. पण लवकर. पाथरवट आज आपल्या गल्लीच्या तोंडाशी आला आहे.